तळे डाव्या हाताला

धर्मपाल ज्ञानबा तळभंडारे. जन्म ११ जून १९५८, मृत्यू ३ फेब्रुवारी २०२३. दोन्ही सोलापुरात, बुधवार पेठेतील एकाच घरात. व्यवसाय : भांड्यांवर नावे घालणे आणि धातूचे ठसे कोरणे. पश्चात पत्नी आणि टपाल खात्यात नोकरी करणारी मुलगी बुद्धप्रिया.

किल्ला स्मृती मंडळात अशी रीत आहे, की मंडळाच्या कार्याला ज्यांचा हात लागला, त्यांच्या निधनानंतर दोन-तीन पानांचा जीवनपट लिहून दप्तरी ठेवायचा. चिटणीस सोमलिंग सिद्धप्पा बिराजदार यांनी एकोणीस वर्षांत असे बावीस जीवनपट लिहिले होते. नाव, साल, व्यवसाय, कुटुंब, कार्य हा त्यांचा क्रम ठरलेला. तेविसावा जीवनपट धर्मपालांचा. वरच्या चार गोष्टी सरांनी एका बैठकीत लिहिल्या आणि पाचवीपाशी त्यांचा हात थांबला, तो सात आठवडे थांबलेलाच राहिला. कारण पाचवी गोष्ट कार्याची होती, आणि मंडळाच्या दप्तरात धर्मपालांच्या नावापुढे कार्य म्हणून एकच नोंद होती : एक चूक. ती चूक धर्मपालांची नव्हती. ती कोणाची होती हे बिराजदार सरांना पुरते ठाऊक होते, कारण नोंद त्यांनीच लिहिली होती आणि चूकही त्यांनीच केली होती.

धर्मपालांचे लहानपण भुईकोट किल्ल्यात गेले असे म्हटले तरी चालेल. त्यांची आई भीमाबाई किल्ल्याच्या बागेत रोजंदारीवर गवत काढायची, वाटा झाडायची. शाळा सुटली की मुलगा दप्तरासकट तिथे हजर. कोणत्या बुरुजावरून तळे पुरते दिसते, कोणत्या कट्ट्यावर दुपारी सावली येते, तटाचा कोणता दगड दिवे लागेपर्यंत ऊन धरून ठेवतो, हे सगळे त्याला पाठ होते. मोठेपणी ते हसत सांगत, "लोकांचं लहानपण गल्लीत जातं, आमचं लई राजेशाही. दोन-दोन तटांच्या आत."

नववीनंतर शाळा सुटली. बाजारपेठेतल्या मधल्या मारुतीच्या देवळाजवळ भांड्यांच्या दुकानांच्या ओळीत एक वृद्ध कारागीर ठसे कोरत बसत. सगळा बाजार त्यांना उस्ताद म्हणे. धर्मपाल त्यांच्या हाताखाली आठ वर्षे राहिले. ठसा म्हणजे पोलादाचा तुकडा. त्यावर आकृती उलटी कोरायची, तेव्हा ती धातूवर सुलट उमटते. काम पुरे झाले की तो ठसा आधी मऊ शिशाच्या चकतीवर ठोकून पाहायचा, कारण शिशात जे दिसेल तेच पुढे बिल्ल्यावर, पदकावर किंवा नाण्यावर दिसणार. उस्तादांनी धर्मपालांना कसब दिले तसे दोन नियमही दिले. शिशाचा नमुना गिऱ्हाइकाला स्वतः नेऊन दाखवायचा, दुसऱ्याच्या हाती पाठवायचा नाही. आणि गिऱ्हाइकाने ज्या आकृतीवर सही केली, तिच्यातली एक रेघही त्याच्या हुकमाशिवाय हलवायची नाही. आपल्याला अधिक कळते असे वाटले, तर तोंडाने सांगावे. हाताने सुधारू नये. धर्मपालांनी हे दोन्ही नियम पंचेचाळीस वर्षे पाळले. त्यांचे नुकसान झाले ते नियम पाळल्यामुळेच.

बिराजदार सर मूळचे दुधनीचे. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि दोन्हींत बोलणे मोजके. सोलापुरातल्या एका शाळेत त्यांनी इतिहास शिकवला आणि निवृत्त झाल्यावर मंडळाचे चिटणीसपद घेतले. बुद्धप्रिया त्यांच्या शेवटच्या दहावीच्या तुकडीत होती. घरी अभ्यासाला जागा नाही असे कळल्यावर सरांनी तिच्यासाठी शाळेचे ग्रंथालय संध्याकाळी सातपर्यंत उघडे ठेवले आणि स्वतः तिथे वह्या तपासत बसले. ती चांगल्या गुणांनी पास झाली. तेव्हापासून धर्मपाल सरांना रस्त्यात पाहिले, की सायकलवरून उतरत. सायकल हातात धरून चार पावले बरोबर चालत आणि मगच पुन्हा बसत.

सन २०१७मध्ये मंडळाला पंचवीस वर्षे पुरी होत होती. किल्ल्याच्या इतिहासाची आठवण म्हणून तांब्याची पाचशे स्मारक-नाणी काढावीत असे ठरले. चलनातली नव्हेत, संग्रही ठेवण्याची. एका बाजूला किल्ला आणि तळे, दुसऱ्या बाजूला किल्ल्याने पाहिलेल्या राजवटी : बहमनी, आदिलशाही, निजामशाही, मोगल, मराठे, इंग्रज. अध्यक्ष कलशेट्टी अण्णा, कापडाचे जुने व्यापारी, यांचे मत ठसा पुण्याहून करून घ्यावा असे होते. "आपल्या गावात हात असताना बाहेर कशाला जायचे?" असे म्हणून बिराजदार सरांनी धर्मपालांचे नाव सुचवले. नाण्याबरोबर द्यायच्या माहितीपत्रकावर शेवटची ओळ काय असावी, तेही त्यांनी तिथेच लिहून दाखवले : 'ठसा : धर्मपाल ज्ञानबा तळभंडारे.' धर्मपालांचे नाव तोवर कुठेही छापले गेलेले नव्हते. दुसऱ्यांची नावे मात्र त्यांनी हजारो कोरली होती.

एका चित्रकलेच्या शिक्षकांनी पातळ पारदर्शक कागदावर पेन्सिलीने किल्ला काढून दिला. मधे दरवाजा, दोन्ही अंगांना बुरूज, उजव्या हाताला तळे. चित्रात अक्षर एकही नव्हते. सरांनी ते रेखाटन नेहमीच्या काळजीने हाताळले. हात लागून पेन्सिलीच्या रेघा पुसू नयेत म्हणून त्यांनी रेघांची बाजू आत घेतली आणि कागद पांढऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवला. चित्र वरूनही स्वच्छ दिसत होते. मग खाली 'मंजूर' असे लिहून सही, तारीख आणि मंडळाचा शिक्का. इतक्या नीटनेटक्या कामात एकच गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. कागद पालथा घातला की चित्राच्या बाजू बदलतात. उजवीकडचे तळे डावीकडे गेले होते.

१८ नोव्हेंबरच्या सकाळी अकरा वाजता धर्मपाल शिशाची चकती रुमालात बांधून सरांच्या घरी आले. सर निमंत्रणपत्रिकांवर पत्ते घालत होते. टेबलावर पत्रिकांचे चार गठ्ठे वर्णानुक्रमाने लावलेले.

"जयभीम, सर. नमुना आणलाय."

"या, बसा. अक्षरे पाहू आधी." सरांनी भिंगातून राजवटींची सहा नावे दोनदा वाचली. "उत्तम. मोत्यासारखी आली आहेत."

"अक्षरं हायत बरोबर. पण सर, किल्ल्याची बाजू बघा की. तळं डाव्या हाताला आलंय."

"तुम्ही ठसा उलटाच कोरता ना? मग तसे वाटणारच."

"ठसा उलटा असतो, सर. शिसं सुलट असतंय. शिशात तळं डावीकडं हाय."

सरांनी घड्याळाकडे पाहिले. साडेअकराला छापखान्यात जायचे होते. त्यांनी कपाटातून पुठ्ठा काढला, चकतीशेजारी ठेवला आणि भिंग फिरवले. "हे पाहा. बुरुजास बुरूज, दरवाज्यास दरवाजा, तळ्यास तळे. जुळते की नाही?"

"कागदाशी जुळतंय."

"मग कशाशी जुळायला हवे?"

"किल्ल्याशी की, सर." धर्मपाल ओशाळून हसले. "चुकून बोललो असंल तर सोडा. पण त्या बाजूनं मी बारा वर्षं आईची भाकरी घेऊन गेलोय. तळं उजव्या हाताला लागायचं."

"धर्मपाल, रेखाटन तज्ज्ञ माणसाने केले आहे, आणि त्यावर माझी सही आहे. मंजूर नमुन्याप्रमाणेच काम करायचे. आता बदल करत बसलो तर समारंभ टळेल."

"जसं तुम्ही म्हणाल तसं," धर्मपाल म्हणाले आणि चकती रुमालात बांधून उठले. दारापाशी वहाणा घालताना ते क्षणभर थांबले. पण सर पुन्हा पत्ते घालू लागले होते.

सरांच्या घरापासून किल्ला पायी पंधरा मिनिटांवर आहे. त्या दिवशी, किंवा पुढच्या वीस दिवसांत, एकदा जाऊन पाहणे त्यांना अशक्य नव्हते. ही पंधरा मिनिटे पुढे त्यांनी मनाशी फार वेळा चालून पाहिली.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नाणी छापली गेली आणि समारंभाच्या आठ दिवस आधी खोके कलशेट्टी अण्णांच्या घरी पोहोचले. अण्णा रोज पहाटे तळ्याकाठी फिरणारे. त्यांनी पहिलेच नाणे उचलले, डोळ्यांपाशी नेले, लांब धरले, आणि म्हणाले, "हे काय? माझं तळं कुणी उचलून तिकडं नेलं?"

त्याच दिवशी दुपारी तातडीची बैठक बसली. सात सभासद, मधे उघडा खोका. प्रत्येकाच्या हातात एक नाणे, आणि प्रत्येकजण ते असे फिरवून पाहत होता, जणू फिरवल्याने बाजू बदलणार होती. बिराजदार सरांनी मांडीवर फाइल उघडली. पुठ्ठा तिरपा धरला. खिडकीतून येणाऱ्या उन्हात पेन्सिलीचे शिसे चमकायला हवे होते, ते चमकेना. कागदाच्या पाठीचा कोरा, गुळगुळीत भाग मात्र चमकत होता. तेवढ्यात त्यांना सारे उमगले. त्यांनी फाइल मिटली. पुढे कित्येक वर्षे त्यांना त्या मिटण्याचा बारीकसा आवाज आठवत राहिला.

"सर, हे झालं कसं?" अण्णांनी विचारले.

"ठशात बाजू बदललेली दिसते," सर म्हणाले.

वाक्य खोटे नव्हते. बाजू बदललेली होतीच. कोणी बदलली, एवढेच त्यात नव्हते; आणि ती रिकामी जागा भरायला बैठकीला वेळ लागला नाही.

"मी तेव्हाच म्हणत होतो, पुण्याला द्या," एकजण म्हणाला.

"भांड्यांवर नावं घालणारा माणूस," दुसरा म्हणाला. "किल्ला कधी आतून बघितला असेल तर कळणार."

सरांना भीमाबाई ठाऊक होती, गवत ठाऊक होते, भाकरी ठाऊक होती. ते फाइलीची नाडी बांधत राहिले.

धर्मपालांना बोलावणे गेले. दुकानातले काम टाकून, हाताला लागलेली पितळेची भुकटी पुसत ते आले आणि दारातच उभे राहिले. अण्णांनी नाणे पुढे केले. "बघा, तळभंडारे. काय केलंत हे?"

धर्मपालांनी नाण्याकडे पाहिलेही नाही. ते सरांकडे पाहत होते. "नमुना सरांना दाखवला होता."

सगळ्या माना सरांकडे वळल्या. सर म्हणाले, "नमुना आला होता. मी अक्षरे तपासली होती."

हेही खोटे नव्हते. धर्मपाल थोडा वेळ उभे राहिले. सर आणखी काही बोलतील म्हणून ते थांबले असावेत. सर चष्मा पुसत होते.

"मग माझंच चुकलं असंल," धर्मपाल म्हणाले.

सरांनी इतिवृत्त त्याच संध्याकाळी सुवाच्य अक्षरात लिहिले : 'ठसा कोरणाऱ्या कारागिराच्या हातून बाजूंचा विपर्यास झाल्याने नाणी रद्द करण्यात आली. नवीन ठसा बाहेरगावाहून करून घेण्यात यावा.' समारंभ महिनाभर पुढे गेला. पुण्याच्या ठशावरून नवी नाणी निघाली, वाटली गेली, त्यांचे कौतुक झाले. माहितीपत्रकाची शेवटची ओळ सरांनी स्वतः खोडली. उलट्या नाण्यांचे खोके मंडळाच्या कपाटात तळाला गेले. पुठ्ठा मात्र सरांनी फाडला नाही. कागद फाडणे त्यांच्या स्वभावात नव्हते. तो फाइलीत क्रमांक घालून राहिला.

बाजारात बातमी पसरायला वेळ लागत नाही. मधल्या मारुतीच्या आसपास पाच दुकानदार पदके, बिल्ले, देवस्थानांची बोधचिन्हे यांची कामे घेत आणि ठशासाठी ती धर्मपालांकडे पाठवत. "किल्ला उलटा काढणारा," असे कोणीतरी हसत म्हणाले आणि ते नाव चिकटले. एकेक करून पाचही दुकानांनी ठशाची कामे बंद केली. भांडणतंटा झाला नाही, कोणी तोंडावर काही बोलले नाही. कामे यायची थांबली, एवढेच. धर्मपाल भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर विजेचे यंत्र घेऊन नावे घालत राहिले. सर दिसले की सायकलवरून उतरणे त्यांनी सोडले नाही. सरांना त्याचाच त्रास अधिक होई. काही दिवसांनी ते बाजाराला वळसा घालून जाऊ लागले.

पण वळसा नेहमीच घालता येत नाही. २०१९च्या मे महिन्यात सरांच्या पत्नी शरणम्मा यांच्या भाचीचे लग्न ठरले. आहेराला स्टीलचा मोठा डबा घेतला, आणि नाव घालण्यासाठी शरणम्मा सरांना घेऊन थेट त्या पायरीपाशी उभ्या राहिल्या. घडलेले त्यांना काहीच माहीत नव्हते.

"या, वहिनी. लगीन कुणाचं?"

"भाचीचं. नाव जरा मोठं घाला. तिकडचे लोक लई शहाणे आहेत. डबा अदलाबदल करतील."

"अदलाबदल कशी करतील? असं घालतो की घासून निघायचं नाही." धर्मपालांनी डबा मांडीवर घेतला आणि वर पाहिले. "नाव कोणत्या बाजूला घालू, सर? सही करून द्या म्हणजे झालं."

शरणम्मा हसल्या. धर्मपालही हसले. त्यात विष नव्हते. असेल तर चिमूटभर. सरांनी बोटाने जागा दाखवली. यंत्र घूं करून सुरू झाले, आणि ते थांबेपर्यंत सर धर्मपालांच्या हाताकडे पाहत राहिले. त्या आवाजात 'धर्मपाल, चूक माझी होती' एवढे म्हणता आले असते. यंत्र थांबले. नाव सुरेख आले होते. सर म्हणाले, "छान."

३ फेब्रुवारी २०२३ रोजी धर्मपाल गेले. दोन-तीन महिने खोकला होता. तो साधा खोकला नव्हता, हे उशिरा कळले. आठव्या दिवशी बुधवार पेठेत पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, भन्तेजींचे प्रवचन झाले, आणि सूत्रसंचालकाने पुढच्या रांगेत बसलेल्या बिराजदार सरांना दोन शब्द बोलायला सांगितले. सर उठले. कारागिरी, सचोटी, साधेपणा यांवर ते पाच मिनिटे बोलले; शब्द सगळे जागच्या जागी होते. बसताना त्यांची नजर बुद्धप्रियाकडे गेली. ती त्यांच्याकडे पाहत होती, अगदी तिच्या वडिलांनी दारात उभे राहून पाहिले होते तशी : अजून काही बोलतील म्हणून.

निघताना ती म्हणाली, "सर, एकदा घरी येते. पप्पांची एक वस्तू दाखवायची आहे."

ती मार्चअखेरीस, रविवारी दुपारी आली. शरणम्मांनी चहा ठेवला. बुद्धप्रियाने पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून टेबलावर ठेवला, आणि त्यातून शिशाची एक चकती काढून सरांच्या हातात दिली. सरांनी ती ओळखली. सहा राजवटींवरून त्यांचे भिंग दोनदा फिरले होते. त्यांनी ती उलटून किल्ल्याची बाजू पाहिली. तळे डाव्या हाताला. कडेच्या कोऱ्या जागेत टोकदार हत्याराने ओरखडले होते : 'तळं डावीकडं. सरांना सांगितलं. १८-११-१७.'

"हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही," बुद्धप्रिया म्हणाली. "आईलाही नाही. मी विचारलं तर म्हणायचे, चुकलं माझं, सोड. मी आपली पाच वर्षं धरून बसले, की पप्पांकडून चुकलं. एकदा रागाने बोललेही त्यांना, की एवढा किल्ला पाठ होता तर असं कसं केलंत. उठून दुकानाला गेले."

सर उठले. कपाटातून त्यांनी फाइल काढली, पुठ्ठा काढला, आणि टेबलावर ठेवून नखाने कागदाचा कोपरा उचलला. सुकलेला डिंक करकरला. कागद सुटल्यावर त्यांनी तो पालथा केला. पेन्सिलीच्या रेघा वर आल्या, तळे उजवीकडे गेले.

"चूक माझी होती," सर म्हणाले. "आणि ती मला त्याच दिवशी, त्याच बैठकीत कळली होती. त्यांनी दारात उभे राहून माझ्याकडे पाहिले, तेव्हा मला ठाऊक होते."

बुद्धप्रियाने तो कागद हातात घेऊन एकदा पालथा केला, एकदा सुलट. शरणम्मा चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभ्या होत्या. रागावल्या की त्या कन्नडमध्ये बोलत. हळूच म्हणाल्या, की त्या माणसाने माझ्या भाचीच्या डब्यावर नाव घातले, मी हसत होते, आणि तुम्ही शेजारी उभे होता. एवढे बोलून त्या आत गेल्या.

"त्यांनी ही चकती तेव्हा का दाखवली नाही?" सरांनी विचारले.

"मला ग्रंथालय कुणी उघडून दिलं होतं, सर?" बुद्धप्रिया म्हणाली.

तिने डब्यातून तेलकट कापडात गुंडाळलेला पोलादी ठसा काढला, आणि शिशाची आणखी एक चकती. तिच्यात किल्ला जसा आहे तसा होता. तळे उजव्या हाताला, पाण्यावर बारीक लाटा, आणि बागेत, दरवाज्याच्या अलीकडे, नीट पाहिल्याशिवाय दिसणार नाही अशी वाकलेली एक आकृती : गवत काढणारी बाई. मंजूर रेखाटनात ती नव्हती.

"हा कुणी सांगितला नव्हता. दुसरी नाणी वाटून झाल्यावर केलाय. दोन महिने रोज सकाळी बसायचे."

सर भिंग घेऊन ती आकृती पाहत राहिले. मग म्हणाले, "मंडळातर्फे या ठशावरून नवी नाणी काढू. त्यांचे नाव घालून."

"नाही, सर. हा ठसा मंडळाला मिळणार नाही."

"मग मी काय करू? इतिवृत्त दुरुस्त करतो. वार्षिक सभेत वाचून दाखवतो."

"ते करा. तुमचं मंडळ आहे. पण तुमचं इतिवृत्त वाचतं कोण? सात माणसं. पप्पांचं नाव खराब झालं ते बाजारात. पाच दुकानं होती. त्या पाच दुकानांत जाऊन सांगा. तुम्ही स्वतः. पत्र पाठवून नाही." ती डबा बंद करू लागली. "पप्पा नमुना स्वतः घेऊन यायचे ना, तसं."

एप्रिलच्या वार्षिक सभेत विषयपत्रिकेवर पहिलाच विषय होता, '९ डिसेंबर २०१७च्या इतिवृत्तातील दुरुस्ती'. सरांनी पुठ्ठा, कागद आणि नाणे टेबलावर मांडले व घडले ते क्रमाने सांगितले. कलशेट्टी अण्णा आता थकले होते. ते म्हणाले, "कशाला उकरताय, सर? माणूस गेला. नाणीबी गेली कपाटात."

"माणूस गेला म्हणूनच," सर म्हणाले. "तो होता तेव्हा मी उकरले नाही."

धर्मपालांनी किल्ला आतून पाहिला नसेल असे ज्यांनी म्हटले होते, ते सभासद खाली पाहत होते. दुरुस्ती मंजूर झाली. सरांनी चिटणीसपदाचा राजीनामा दिला, तो स्वीकारला गेला नाही; इतके स्वच्छ इतिवृत्त दुसरे कोण लिहिणार, असे सगळ्यांचे म्हणणे पडले. ते ऐकताना सरांना आपल्या अक्षराची लाज वाटली. पद त्यांनी तरीही सोडले.

मग ते बाजारात निघाले. सत्त्याहत्तराव्या वर्षी, हातात छत्री, खिशात उलटे नाणे आणि मूळ कागदाची घडी. पहिल्या दुकानदाराने खुर्ची दिली, सगळे ऐकले आणि म्हटले, "सर, तेव्हा सांगितलं असतं तर निदान चार वर्षं काम दिलं असतं त्यांना. आता ठसे कोण करून घेतो? सगळं लेझरवर." दुसऱ्याला प्रकरण आठवतच नव्हते; काम का थांबवले तेही आठवत नव्हते. सरांना ते पहिल्याहून जड गेले. तिसऱ्याने हिशेब करणाऱ्या माणसाला हाक मारून सांगितले, "ऐक रे, तळभंडारे मामांचं चुकलं नव्हतं." चौथा उठला. त्याने आतल्या फळीवरचे एक पदक आणून दाखवले. "हे त्यांचं. नमुना म्हणून ठेवलं होतं. टाकवलं नाही."

आता काय मिटले आणि काय राहिले, ते नोंदवायचे.

इतिवृत्त दुरुस्त झाले. मंडळाकडे शिल्लक असलेल्या एकशे बारा माहितीपत्रकांना, पहिला ठसा धर्मपालांचा होता आणि चूक त्यांची नव्हती, असे सांगणाऱ्या चिठ्ठ्या जोडल्या गेल्या. वाटून झालेल्यांना जोडता येणार नाहीत. उलटी नाणी वितळवण्याचा ठराव झाला होता, तो सरांच्या विनंतीवरून रद्द झाला. बुद्धप्रियाने त्यातले एक मागून घेतले. "बाजू सोडा," ती म्हणाली, "बुरुजांचं काम बघा." योग्य बाजूचा ठसा तिच्याकडे आहे आणि तिच्याकडेच राहील.

चार दुकाने झाली. पाचवे सिद्धराम उंबरजे यांचे होते. दुकान विकून ते मुलाकडे हुबळीला गेले, असे शेजाऱ्याने सांगितले. सरांचे गुडघे प्रवासाचे राहिले नव्हते. त्यांनी बराच विचार करून सहा पानी पत्र लिहिले, पत्ता मिळवला आणि नोंदणीकृत टपालाने पाठवले. पत्र तीन आठवड्यांनी परत आले. सर ते घ्यायला टपाल कार्यालयात गेले, तेव्हा खिडकीपलीकडे बुद्धप्रिया होती. तिने पाकीट उलटून शेरा वाचला, सरांची सही घेतली आणि पाकीट त्यांच्यापुढे सरकवले.

"पत्ता सापडला नाही, सर. एक राहिलं."

"हो," सर म्हणाले.

"हुबळीला रेल्वे जाते की."

सरांच्या मागे रांगेत माणसे उभी होती. सरांनी पाकीट खिशात घातले. धर्मपाल ज्ञानबा तळभंडारे यांच्या जीवनपटातील कार्याची ओळ एव्हाना लिहून झाली आहे. हुबळीचे जाणे अजून व्हायचे आहे.